शाळेत भरलेला बाजार

मराठीत 'बाजार' या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखाद्या गोष्टीचा बाजार मांडला, असे आपण म्हणतो तेव्हा ती गोष्ट मुळात पवित्र होती आणि आता विकायला काढली आहे, असा निवाडा त्या दोन शब्दांतच देऊन मोकळे होतो. शिक्षणाचा बाजार, भक्तीचा बाजार, पुरस्कारांचा बाजार ही शीर्षके इतकी वापरून झाली आहेत की लेख न वाचताच त्यातला मजकूर सांगता यावा. 'बाजारू' हे विशेषण शिवीच्या जवळ जाते, आणि 'बाजारबुणगे' म्हणजे सैन्यामागून चालणारी, लढाईच्या कामी न येणारी गर्दी. पण याच भाषेत एक दुसरा धागाही आहे. दुकान उघडते, कारखाना सुरू होतो. भरतात मात्र जत्रा, सभा, बाजार आणि शाळा. माणसे जमल्याशिवाय ज्यांना अस्तित्वच नाही, अशा गोष्टींसाठी मराठीने हे क्रियापद राखून ठेवले आहे. गुरुवारचा बाजार भरतो तशीच सकाळची शाळा भरते, आणि माणसे आलीच नाहीत तर दोन्ही भरत नाहीत.

वाशिम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांमधून हिवाळ्यात एक दिवस शाळेच्या पटांगणातच बाजार भरतो. कुठे त्याला आनंद मेळावा म्हणतात, कुठे आनंदनगरी, कुठे नुसता बालबाजार. मुले बोरे, भाजी, तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणतात, आलुबोंडे आणि भजी तळली जातात, आणि गाव येऊन विकत घेते. असे मेळावे महाराष्ट्रात इतरत्रही होतात आणि त्यांतून मुलांना व्यवहारज्ञान मिळते, असे अहवालांत लिहिले जाते. मला ज्या शाळेविषयी लिहायचे आहे, तिथे मात्र हा बाजार व्यवहारज्ञानापुरता राहिला नव्हता. त्यातून उरणारा पैसा एका नेमक्या कामासाठी राखून ठेवायचा, असे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले होते. काम होते मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणण्याचे. टाकी, नळ आणि तिथपर्यंतची नळी, एवढेच. राबणारे सगळे बिनपगारी होते. काही पालक, गावातली चार-दोन तरुण मुले, सुटीचा दिवस देणारे शिक्षक, आणि आमच्या महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी. त्या विद्यार्थ्यांबरोबर मी सलग तीन वर्षे तिथे गेले आणि कूपनांच्या टेबलाशी बसले. गावाचे नाव लिहीत नाही. कारंजा तालुक्यातले ते एक लहान गाव, एवढे पुरे.

वाशिमचे नाव निघाले की साहित्याच्या अभ्यासकांना राजशेखर आठवतो. 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागतो, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वर्गात हे सांगताना मलाही बरे वाटते. पण १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या भूमीत आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात येत नाही. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. वऱ्हाड नावाने निजामाचा आणि १८५३ पासून कारभाराने इंग्रजांचा, म्हणून आदेश रेसिडेन्सीचा. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि आज आपण ज्यांना कृषी उत्पन्न बाजार समित्या म्हणतो त्यांची वंशावळ अशी मागे कारंज्यापर्यंत नेता येते. हेतू परोपकाराचा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात मिळावा, हा होता. तरीही त्या निमित्ताने बाजारातल्या तराजूवर आणि व्यवहारावर व्यापाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाची तरी नजर आली.

ती नजर येण्याची गरज का होती, हे समजण्यासाठी जुन्या बाजाराची रीत पाहायला हवी. अनेक बाजारांत भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत. याला हत्ता पद्धत म्हणत. शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला ऐकू येत नसे. मग ठरलेल्या भावातून आडत, हमाली, तोलाई वजा होई, आणि या कपातींच्या यादीत एक सोज्वळ शब्द असे: धर्मादाय. गोरक्षण, पाठशाळा, धर्मशाळा, देवस्थान अशा कामांसाठी ही कपात होई. ही कामे सगळी खोटी होती असे मुळीच नाही. पांजरपोळात जनावरे जगली, धर्मशाळेत वाटसरू झोपले. म्हणजे बाजारातून पैसा उभारून गावाची कामे करायची, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मात्र त्या दानात दाता कोण, हा प्रश्न विचारला की सगळा व्यवहार उलटा दिसू लागतो. पैसा कापूस पिकवणाऱ्याचा, त्याला न विचारता कापलेला. पुण्य कापणाऱ्याच्या खात्यावर जमा. कोनशिलेवर नाव कोणाचे यायचे, ते वेगळे सांगायला नको.

कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा अजून सांगितली जाते. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा इथल्या एका धनिकाने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या वाड्याच्या चुन्यात कालवली, अशी ती कथा. लहानपणी ती ऐकताना वास येई, आता प्रश्न येतात. दंतकथा बाजाराचे वैभव मोजते ते एका घराच्या भिंतीत किती जिरले यावरून. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड आहे. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पैसाफंडाची खरी कल्पकता रकमेच्या लहानपणात होती. एक पैसा देणाऱ्याला कोनशिला मागता येत नाही, आणि एक पैसा देणाऱ्याला कोणी उपकृतही करू शकत नाही.

शाळेतल्या बाजाराची जात पैसाफंडाची होती. दारातल्या टेबलावर पैसे देऊन पाच आणि दहा रुपयांची कूपने घ्यायची, मांडणीवर कूपन देऊन वस्तू घ्यायची, दुपारी प्रत्येक मांडणीने आपली कूपने मोजून टेबलावर आणून द्यायची. तेल-बेसनाचा खर्च ज्याचा त्याला परत, उरलेले पाण्याच्या टाकीला. मुलांच्या आरोळ्या थेट गुरुवारच्या बाजारातून उचललेल्या होत्या. "घ्या नं जी मावशी, दहाले पलेट, गरम हाय!" ज्यांना मी आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटे हुज्जत घालताना पाहिले होते, ती माणसे इथे पोरांनी सांगितलेला भाव मुकाट्याने देत होती. काहींनी हुज्जत घातली, पण ती पोरांना हुज्जत शिकवण्यासाठी.

पहिल्या वर्षी दुपारी एक म्हातारी बाई टेबलाशी परत आली. तिच्याजवळ पाच रुपयांचे एक कूपन उरले होते आणि तिला त्याचे पैसे हवे होते. माझा विद्यार्थी हसून म्हणाला, "राहू द्या ना आजी, शाळेलाच जातील." ती म्हणाली, "दान द्याचं असन तं वेगळं देईन मी, बापू. हिशेब हिशेबाच्या जागी." त्याने पाच रुपये परत दिले. तिने ते कनवटीला लावले आणि गेली. वेगळे दान तिने दिले की नाही, मला माहीत नाही, आणि ते कळण्याची गरजही नाही. धर्मादायाची सगळी गुंतागुंत त्या एका वाक्यात सुटलेली आहे असे मला वाटते. विकत घेणे ही एक गोष्ट, देणे ही दुसरी. आणि पहिलीच्या आडून दुसरी उकळली जाऊ लागली की दोन्ही बिघडतात. चांगल्या कामाचे नाव घेऊन सुट्टे पैसे ठेवून घेणारा बाजार आणि भावातून धर्मादाय कापणारा बाजार यांच्यात अंतर आहे ते रकमेचे.

पण त्याच दिवशी त्याच पटांगणात मी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि तिच्यामुळे 'बाजार सगळ्यांचा असतो' हे वाक्य मला पुन्हा सहजपणे लिहिता आलेले नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाने घरून शिजवून आणले होते आणि प्रत्येकाची वेगळी मांडणी होती. सहावीतल्या एका मुलाने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती. पुऱ्या चांगल्या फुगलेल्या होत्या, मी खाल्ल्या आहेत. दुपारी बारापर्यंत इतरांची टोपली रिकामी झाली आणि त्याचे पातेले फडक्याखाली तसेच राहिले. कोणी काही बोलले नाही. लोक त्याच्या मांडणीपर्यंत येत, हसून त्याची चौकशी करत, आणि पुढच्या मांडणीवर कूपन देत. त्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, हे मला कोणी सांगितले नाही. सांगावे लागले नाही. माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्यांनी नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' वाचली होती. वाशिमच्या या लेखकाच्या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे त्यांना परीक्षेसाठी पाठ होते. कादंबरीतले जग मागे पडलेले आहे, अशा समजुतीने त्यांनी ती वाचली होती. त्या दुपारी त्यांच्यापैकी दोघांच्या चेहऱ्यांवर जे उमटले, ते मला वर्गात कधी उमटवता आले नव्हते.

शेवटी एका शिक्षकाने आपल्या खिशातून कूपने घेऊन ते सगळे पातेले विकत घेतले आणि विद्यार्थ्यांना वाटले. हेतू निर्मळ होता. मुलाने कूपने नीट मोजली, गठ्ठ्याला रबर लावले आणि टेबलावर आणून दिली. आकडा बरोबर होता. हिशेबात त्याची मांडणी तोट्यात नव्हती, उलट पहिल्या तिघांत होती. पण विकले जाणे आणि कोणी दयेने उचलून घेणे यांतला फरक अकरा वर्षांच्या मुलाला कळत नाही, असे मानण्याचे धाडस मला नाही. पैशाला जात नसते, म्हणून बाजाराला जात नसते, हे आपले आवडते सूत्र आहे. पैशाला नसेल, अन्नाला असते. १८८६ च्या त्या नियमांनी बाजाराची व्यवस्था लावली. बाजारात कोणी कुठे बसायचे आणि कोणाच्या हातचे घ्यायचे, हे नियम त्याआधीचे होते आणि त्यांना कुठल्याही आदेशाची गरज लागली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकांनी व्यवस्था बदलली. तेल, बेसन, बटाटे शाळेने एकत्र आणायचे, चुली पटांगणात मांडायच्या, आणि मांडण्या घरवार न ठेवता पाच-पाच मुलांच्या गटांच्या ठेवायच्या. गट हजेरीपटाच्या क्रमाने. समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले की पोरे आपापल्या घरचे आणतात त्यातच खरी गंमत आहे. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हजेरी घेताना मी घर विचारत नाही." यापलीकडे भाषण झाले नाही. जातिनिर्मूलन हा शब्दही निघाला नाही, आणि तो निघाला असता तर कदाचित ठरावच झाला नसता.

परिणाम झाला, पण कथेत होतो तसा झाला नाही. आलुबोंड्याला आता घर उरले नव्हते, आणि बहुतेकांनी ते मुकाट्याने खाल्ले. दोन-तीन घरची वडीलधारी माणसे मात्र त्या वर्षी फक्त बोरे आणि शेंगा घेऊन गेली. सोलून खायच्या वस्तूंना विटाळ लागत नाही, हे जुने शास्त्र त्यांना उपयोगी पडले. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या एकाने भजी घेतली. दुसरे आलेच नाहीत. याला बदल म्हणायचे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. मला इतकेच दिसले की बाजार आपोआप कोणालाही समान करत नाही. तो कसा मांडला आहे, यावर सगळे अवलंबून असते, आणि मांडणी करणारा माणूस हजेरीपट हातात घेऊन उभा असेल तर काही गोष्टी निदान एका दिवसापुरत्या शक्य होतात.

बाजार उठल्यावर हिशेब फळ्यावर लिहिला जाई. सातवीतल्या एका मुलीचे अक्षर चांगले, म्हणून ते काम तिच्याकडे होते. मी भाषेची शिक्षक असल्यामुळे असेल, पण त्या फळ्याकडे मी एक संहिता म्हणूनच पाहत आले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तेल, बेसन, मिरच्या, सरपण, कूपनांची छपाई. एक ओळ उधारीची होती. तिच्यापुढे तिने आधी नावे लिहिली, मग थोडे थांबून नावे पुसली आणि आकडा ठेवला. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. पाच-दहा रुपयांसाठी गावासमोर कोणाचे नाव वाचले जाऊ नये, आणि तरीही येणे बाकी आहे हे लपवले जाऊ नये, या दोन्ही गोष्टी तिने एका पुसण्याने साधल्या. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तोच हिशेब गावासमोर वाचून दाखवला गेला. रक्कम पाच आकड्यांपर्यंत पोचली नव्हती. पण आपल्या गावात गोळा झालेल्या पैशाचा पै-पैचा हिशेब कोणीतरी मोठ्याने वाचतो आहे, हे ऐकताना लोक ज्या शांततेने उभे होते, तशी शांतता मी पुष्कळ कविसंमेलनांत पाहिलेली नाही. रुमालाखालचा भाव आणि माईकवरून वाचलेला हिशेब, यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि ते या एकाच तालुक्यात चालून पार झाले आहे.

इथे थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पण तिसऱ्या वर्षी टाकी बसली, नळाला पाणी आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि परतीच्या एसटीत माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे तर कायद्यातच आहे ना?" होय, आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि सर्व मुलांना पुरेसे, सुरक्षित पिण्याचे पाणी यांची नोंद आहे. २०१८ साली केंद्र शासनाने ज्या जिल्ह्यांना 'आकांक्षित' म्हटले, त्यांत वाशिमही आहे. ज्या स्वच्छतागृहात पाणी नाही, ते कागदावर स्वच्छतागृह असते, आणि मोठ्या होऊ लागलेल्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्या कागदावर नसते. म्हणजे तीन हिवाळे मुलांनी भजी तळली, ती आपल्याच हक्काची वस्तू विकत घेण्यासाठी.

या जागी मला नेहमी 'बनगरवाडी' आठवते. माडगूळकरांच्या १९५५ च्या त्या कादंबरीतला तरुण मास्तर गावाला तालीम बांधायला लावतो. लोक अंगमेहनत करतात, इमारत उभी राहते, खुद्द राजेसाहेब उद्घाटनाला येतात. आणि मग दुष्काळ पडतो, माणसे गाव सोडतात. लोकांनी आपल्या हातांनी बांधलेली वास्तू मागे राहते आणि तिच्यासाठी जमलेले लोक राहत नाहीत. वर्गात आपण हा शेवट निसर्गाच्या क्रौर्याचा म्हणून शिकवतो. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लोकवर्गणीने इमारत उभी राहू शकते, गाव टिकवण्याची जबाबदारी मात्र वर्गणीच्या आवाक्यातली नसते. २०२३ साली राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा अशा लहान गावांतून जी धास्ती पसरली तिचा अर्थ हाच होता. टाकी आम्ही बसवू. पण शाळाच उठली तर?

लोकसहभागाचे कौतुक करणाऱ्या भाषणांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या गावाला बाजार भरवता येतो त्या गावाची शाळा सुधारते. ज्या गावात भजी विकत घ्यायलाही दहा रुपये मोकळे नाहीत, त्या गावाचे काय? हक्क जर बाजारातून मिळू लागला, तर तो ऐपतीप्रमाणे मिळेल. आणि मग आपण ज्याची टिंगल करत होतो तो 'शिक्षणाचा बाजार' मागच्या दाराने, कोणाचाही वाईट हेतू नसताना, आनंद मेळाव्याची पताका लावून आत येईल.

म्हणून बाजार भरवू नये, असे मी म्हणणार नाही. कागद हलण्याची वाट पाहत बसले असते तर त्या मुली तोवर शाळेबाहेर गेल्या असत्या. शिवाय त्या पटांगणात एका म्हातारीने दान आणि हिशेब यांतला भेद शिकवला, एका मुख्याध्यापिकेने हजेरीपटाचा नवा उपयोग शोधला, एका मुलीने नावे पुसून आकडा ठेवला. कुठलेही अनुदान या गोष्टी देऊ शकले नसते. माझी सूचना लहान आहे आणि ती त्या फळ्यापुरती आहे. जमा आणि खर्च लिहून झाल्यावर, उधारीच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी. टाकी, नळ, नळी यांचा सगळा खर्च तिथे पुन्हा एकदा लिहावा, आणि पुढे 'शासनाकडून येणे बाकी' असे शब्द असावेत. ते नाव मात्र पुसू नये. २६ जानेवारीला झेंड्याखाली दर वर्षी ते मोठ्याने वाचले जावे.